हलवतोय

३ मार्च, सोमवार

आजपासून राग बंद. मी मुळात शांत माणूस. लोक डोकं फिरवतात. म्हणून डायरी आणली. ओरडायचं ते इथे, घरात नाही.

काल ठेंगू गेला. उंची सहा फूट, म्हणून ठेंगू. इतकी वर्षं आम्ही दोघं लिफ्ट दुरुस्त करत होतो. तो वर मशीनरूममध्ये, मी खाली लिफ्टच्या टपावर. काल जिना चढताना पायरीवर बसला, तो उठलाच नाही. हार्ट. मला विचारलंसुद्धा नाही साल्याने.

मी छान सावरलोय. फक्त त्याच्या टूलबॉक्सला एक लाथ घातली. अंगठा सुजलाय.

४ मार्च

बाबांच्या दाढीचा प्रश्न आहे. दर रविवारी ठेंगू करायचा. बाबांना हल्ली माणसं ओळखू येत नाहीत, अंगाला हात लावला की मारतात. ठेंगूला मात्र कधी मारलं नाही. त्यात काय एवढं? मी तर सख्खा मुलगा. रविवारी मीच करणार.

९ मार्च, रविवार

ब्रश गालाला लागला आणि बाबांनी माझ्या कानाखाली आवाज काढला. म्हाताऱ्याच्या हातात जोर आहे अजून! मी शांतपणे त्यांची दोन्ही मनगटं धरली. ते चावले. मी पाण्याचा काचेचा ग्लास भिंतीवर फोडला. भिंतीवर, बाबांवर नाही. याला संयम म्हणतात.

अर्धी दाढी झाली. आई म्हणाली, राहू दे रे बाळा. मी म्हटलं, राहू दे काय? आईला डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि उजव्याने ऐकायचं नसतं.

११ मार्च

आईने काचेची सगळी भांडी कुलपात टाकली. प्लास्टिकचे कप काढले. बाबांची धास्ती घेतलीय बिचारीने.

कामावर नवीन जोडीदार दिलाय. आमच्यात एक नियम आहे. लिफ्ट हलवण्याआधी वरच्याने ओरडायचं, हलवतोय. खालून हलव असं उत्तर आल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. हा शहाणा ओरडला आणि लगेच हलवली. माझी तळपायाची आग मस्तकात. वर जाऊन कॉलर धरली, डोकं दारावर आपटलं. दोनदाच. सेफ्टीचा विषय आहे. ठेंगूने जन्मात कधी उत्तराशिवाय लिफ्ट हलवली नाही.

साहेबांनी पंधरा दिवस घरी बसायला सांगितलं. बरंच झालं, बाबांना वेळ देता येईल.

१४ मार्च

डॉक्टर येऊन गेले. बाबांच्या मनगटांवर निळे डाग कसले, असं विचारत होते. म्हटलं, रक्त पातळ करायच्या गोळ्या, दुसरं काय. डॉक्टर आईकडे बघत राहिले. आई जमिनीकडे. तिचा तोल जातो हल्ली, सारखी खालीच बघते.

१६ मार्च, रविवार

आज पक्का प्लॅन. बाबांना चादरीने खुर्चीला बांधलं. सलूनमध्येही चादर गुंडाळतातच की. खुर्चीसकट आडवे झाले. कपाळाला टाके. दवाखान्यात सांगितलं, पडले. खोटं कुठाय?

घरी आल्यावर विचारायला लागले, ठेंगू कुठाय. म्हटलं, येतोय. परत तेच. येतोय. परत तेच. मग मी ओरडलो, मेला तो, मेला, मेला! आणि कपाटावर बुक्की. कपाटाचं दार गेलं. बाबा लहान पोरासारखे रडले. डोळे पुसले आणि विचारलं, ठेंगू कुठाय.

२० मार्च

ठेंगूच्या बायकोने त्याचा कामाचा कोट पाठवला. खिशात लिमलेटची अर्धी गोळी, कागदात गुंडाळलेली; दुसरी अर्धी नेहमी मला असायची. मी रडलो नाही. घर झाडायला घेतलं. झाडू मोडला. हल्ली मालच हलका येतो.

२३ मार्च, रविवार

सकाळी गारठा होता म्हणून ठेंगूचा कोट चढवला. गारठा होता, बाकी काही नाही. साबण लावायला पुढे झालो. बाबांनी हात उगारला. कोट पाहिला आणि हात तिथेच थांबला. कशाची तरी वाट बघत होते. माझ्या तोंडून ठेंगूचाच शब्द निघाला, हलवतोय.

बाबा म्हणाले, हलव.

ब्रश लावला. मान वळवायची होती. हलवतोय. हलव. हनुवटी. हलवतोय. हलव. म्हणजे ठेंग्या, तू घरातही विचारूनच हात लावत होतास! फार आठवण आली त्याची. रडलो. वस्तरा बाजूला ठेवून रडलो आणि मग उरलेला गाल केला.

पूर्ण दाढी. एक ओरखडा नाही! म्हटलं, जिंकलो. आता सगळं सुरळीत होणार. राग तर गेलाच आहे.

तोंड पुसत होतो तेव्हा बाबांनी माझी बाही ओढली. कानाशी येऊन म्हणाले, ठेंगू, तू रोज येत जा रे. आमचे चिरंजीव घरात असले की मला भीती वाटते. आत आहे का तो, बघ जरा.

मी आत जाऊन बघून आलो.

नाहीये काका, असं सांगितलं.