अंगणातला नळ

११ फेब्रुवारी १९९६, बसवनगुडी
शांता गेली त्याला महिना झाला. मासिक उरकलं. अनिल आणि सूनबाई इंदिरानगरहून आली होती, जेवून गेली.
पहाटे नळाला पाणी आलं तेव्हा मी झोपेत. मागच्या खोल्यांतली गौरम्मा फाटकाची कडी वाजवत होती. "रायरे, अक्का असत्या तर एव्हाना..." एवढंच बोलली. मागच्या पाच बिऱ्हाडांना नळ नाही, आमच्या अंगणातून भरतात. शांतानेच सुरू केलेलं. कोणाची कळशी कोणामागून, ते तिला ठाऊक. मी नळ सोडून बाजूला उभा राहिलो.

१६ फेब्रु.
ऑफिस. दरवाढीचा तक्ता पुरा केला. कावेरीचं पाणी इतक्या लांबून, चढावर आणायचं, त्यासाठी आमच्या पाणी मंडळाने काढलेलं कर्ज. आधी हप्ता, मग पंपांची वीज, उरेल त्यात पाइपांची दुरुस्ती. उरतं स्वल्पच. टप्पे मी मांडले : वापर जास्त त्याला दर जास्त. बंगलेवाले, बागा, मोटारी धुणारे यांनी जास्त द्यावं.
साहेब खूश. "राव, कर्ज देणारा सावकारही सरी, बरोबर आहे, म्हणेल."
घरी येऊन भात लावला. पाणी जास्त झालं.

८ एप्रिल
नव्या दराचं पहिलं बिल. मीटर वाचणारा ओळखीचा. हसत म्हणाला, "रायरे, घरात माणूस एक आणि पाणी लग्नाच्या कल्याणमंडपाचं!" मग त्याला आठवलं. मान खाली घालून गेला.
वरच्या टप्प्यात मीच. सहा बिऱ्हाडांचं पाणी एका मीटरवर. तक्ता करताना हे सुचलं नाही. म्हणजे बंगलेवाल्यांचा दर गौरम्माच्या कळशीला. सांडपाण्याचा आकार पाण्याच्या बिलावरच चढतो, तोही वाढला.

१४ एप्रिल
अनिल कुलूप घेऊन आला, नळाला लावायचं. "अण्णा, पुढच्या वर्षी तुम्ही रिटायर. पेन्शनीत हे झेपणार आहे का?"
"तुझ्या आईने..."
"आईच्या वेळी हा दर नव्हता."
खरं आहे. तो रागावला नव्हता. काळजीनेच बोलत होता. जाताना बिल भरायला पैसे ठेवत होता, मी घेतले नाहीत.

१६ एप्रिल
साहेबांना विचारलं, एका नळावर अनेक घरं असतील तर वापर घरांनी भागून टप्पा धरता येईल का.
"उद्या सगळं बंगळूर म्हणेल, आमच्या नळावर चार घरं आहेत. तपासायला माणसं कुठून आणू? आणि हप्ता कोण भरेल, तुम्ही?"
त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. तरी टिपण लिहून टेबलावर ठेवलं.

१८ एप्रिल
गौरम्माला बिलाचं कुठून तरी कळलं. बायकांनी वर्गणी काढली, रुमालात बांधून आणली.
"अक्कांना दिली असती तर त्यांनी आम्हांला हाकललं असतं. तुम्ही घ्या."
घेतली तर ते पाणी विकणं. नियमात बसत नाही, आणि मंडळाचा माणूस मीच. म्हटलं, राहू दे सध्या.
"सध्या म्हणजे कधीपर्यंत, रायरे? सांगितलंत तर दुसरीकडे बघू. पण दुसरीकडे आहे कुठे!"

२० एप्रिल
अक्षय्य तृतीया. शांताच्या नावाने उदककुंभ द्यायचा. भटजी सकाळी लवकर येणार होते. मातीचा घट, वाळा, दोन आंबे काल आणून ठेवलेले. पहाटे पाणी आलं. घट घेऊन गेलो तर नळाखाली गौरम्माची कळशी अर्धी भरलेली. तिने ती ओढून घेतली. "आधी अक्कांचा."
म्हटलं, "नको. तुमचं होऊ दे. ती शेवटीच भरायची."
सगळ्या थांबल्या होत्या. माझा घट शेवटी भरला. धार बारीक झाली होती, वेळ लागला. कोणी घरी गेलं नाही.
भटजींना तो दिला.

२१ एप्रिल
अनिलचा फोन. "लावलंत का कुलूप?" बघतो म्हटलं. कुलूप कपाटावर आहे, कागदात गुंडाळलेलं. टिपणावर साहेबांनी काही लिहिलेलं नाही. पुढचं बिलही असंच येणार.
उद्या पाण्याचा दिवस. घड्याळाला गजर लावला. आजवर कधी लावावा लागला नव्हता; आधी शांता उठायची, मग गौरम्माची कडी वाजायची.