वर तुमची चिठ्ठी, खाली कुणाची?

शिनचू, १२ नोव्हेंबर, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. (छपाईयंत्राचं झाकण पुसत होतो. पुसून झालं, मग लिहायला बसलो.)

तीर्थरूप आत्या,

छंगयूचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? डोळ्यांचं विचारत नाही, कारण विचारलं की तुम्ही फोन आपटता. म्हणून पत्र, आणि तेही मोठ्या अक्षरात.

देवळातल्या कौल छापून देणाऱ्या यंत्रातून ‘डोळे मिटून घरी बस’ अशी चिठ्ठी निघाली आणि तुम्ही मोतीबिंदूचं ऑपरेशन रद्द केलंत. मी समजवायला आलो तर म्हणालात, “देवी बस म्हणते, तर मी बसते. कॉलेज अर्ध्यात सोडणारा तू कोण रे मला उठवणारा?” आत्या, ते यंत्र आमच्या कंपनीचं, आणि त्याच्या छपाईचा प्रोग्रॅम माझा. तुमच्या फ्रिजवर ती चिठ्ठी पाहिली आणि मी आधी आकडे वाचले. चिठ्ठीचा आकडा वर बारा, खाली सत्तेचाळीस! (दोन्हीकडे एकच असायला हवा. माझ्यासारख्या वेलांट्याही तपासणाऱ्याच्या नजरेतून असलं सुटत नाही.) वरच्या ओळी, ‘डोळे मिटून’पर्यंत, तुमच्या; ‘घरी बस’पासून खालच्या तुमच्यामागे उभ्या असलेल्या कुणाच्या तरी.

झालं असं. छापणारी चिप मजकूर माझ्या हातून घेत नाही. मी मेमरीतला पत्ता देतो, ती आपली सावकाश ओळ ओळ उचलते. मी मजकूर ठेवला होता तात्पुरत्या जागेत, आणि ती जागा माझं काम संपताच दुसऱ्याला मिळते. काकांच्या साठीला रस्त्यात मांडव घातला होता, आठवतं? उरलेलं बांधून द्या म्हणून टेबलाचा नंबर सांगून आपण उठलो, तेवढ्यात तिथे दुसरी मंडळी बसली, आणि पिशवीत वर आपला मासा, खाली त्यांची कोंबडी निघाली. अगदी तसंच. मागच्या माणसाने घाईने बटण दाबलं असणार. मी तपासणी नेहमी एकट्याने करायचो, माझ्यामागे रांग कधी नसायचीच.

मग मोठी जागा मागून पाहिली. मिळाली, पण ती दिसायला सलग, प्रत्यक्षात तुकडे गावभर. चिप मात्र नाकासमोर चालणारी. चिठ्ठीभर ठिपकेच ठिपके. साहेब म्हणाले, “काय रे, देवीला मुंग्या लागल्या का?” शेवटी कर्नलकडे (फौजेतला नव्हे, यंत्रातला कारभारी) खास अशा कामासाठीची जागा मागितली: खरोखर सलग, शेजाऱ्याशी भागी नाही, आणि छपाई संपेपर्यंत आपलीच. आता वर-खाली एकच आकडा येतो. मला नवल याचं वाटतं, की मला तिन्ही पत्ते सारखेच दिसत होते, चिपला मात्र त्यातला एकच चालला.

तेव्हा देवीला बोल नको, चूक माझी. ऑपरेशन करून घ्या.

आपला,
छंगयू

ता. क. मंगळवारची वेळ मी पुन्हा घेतली आहे. रुग्णालयात नातं विचारलं, तिथे ‘मुलगा’ लिहिलं. शुद्धलेखन बरोबर आहे, मजकूर तेवढा नाही. कुणी विचारलं तर मान हलवा.

ता. क. २. दुरुस्त यंत्रातून तुमच्या नावाने चिठ्ठी काढली. छपाई निर्दोष. ‘घाईने पाऊल टाकू नकोस’ असं आलं. म्हणून माझी स्कूटर नको, टॅक्सी सांगितली आहे. मंगळवारी सकाळी सात वाजता. जिना सावकाश उतरा.