पुढच्या खोलीतला रशिया

मी, अनसूया दत्तोपंत फणसे, वय ६७, निवृत्त इतिहास शिक्षिका, राहणार कामतघर, भिवंडी, जि. ठाणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचं डॉ. प्रमोदिनी गुप्ते सांगतील. मन मात्र सध्या मॉस्कोत आहे. नाताळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या बातम्यांत ऐकलं, सोव्हिएत संघाचा झेंडा उतरला! माझी पोळी तव्यावर करपून गेली.

१. माझ्या पाटल्या व रेडिओ काशी लडकू भोईर हिला द्यावा. दिवसभर लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कांड्यांवर सूत भरून ती दमते, तरी संध्याकाळी बायकांना घेऊन माझ्या पुढच्या खोलीत इतिहास ऐकायला येते. परवा म्हणाली, "बाई, मंग आता त्यांचा राजा कोन?" म्हटलं, "राजा नाही गं, निवडून दिलेला माणूस!" तर म्हणते, "मंग उतरवता पन येल ना?" अशी विद्यार्थिनी मला शाळेत मिळाली नाही.

२. चुलतभाऊ हरी यास मागची खोली व लाकडी कपाट. मी तापाने फणफणले असताना हा पुढची खोली टेपने मोजत "चार लूम आरामात बसतील" म्हणत होता. मागच्या खोलीत एकही मावत नाही, मी पाहिलं आहे.

३. पुढची खोली धाकटा भाऊ प्रभाकर यास. त्याची हयात लूम कामगारांच्या युनियनमध्ये, लाल झेंड्याखाली गेली. याच खोलीत रशियावरून भांडत आम्ही म्हातारे झालो. मी म्हणे, जमिनीबरोबर माणसं विकली जात तिथे. ती गुलामी सुटली, झार गेला, शेतकऱ्यांची पोरं इंजिनियर झाली, कबूल! पण सामुदायिक शेतीपायी गावंच्या गावं उपाशी मेली, बोलणारे तुरुंगात गेले, तेही सांग की. तो म्हणे, "आक्का, हा भांडवलदारांचा प्रचार." बर्लिनची भिंत पडली तेव्हा मी पेढे वाटले. तो चहा तसाच टाकून उठला. तेव्हापासून दोन भाऊबिजा त्याचा पाट रिकामा आहे, आणि मला ते सहन होत नाही.

प्रभाकर, मी जिंकले म्हणून लिहीत नाही रे. या दोन तारखेला तिथे भाव मोकळे सोडले. म्हाताऱ्या बायका पावासाठी थंडीत उभ्या आहेत. पुढे काय होणार, मला ठाऊक नाही, म्हणून तर एका जागी बसवत नाही! सगळा धडा नव्याने लिहायचाय आणि अडवायला तू नाहीस. खोली घे, वर्ग चालव, आणि शिकवताना माझीही बाजू सांग.

४. ज्याला मिळकत द्यायची त्याची साक्ष घेऊ नये, असं वकिलांनी बजावलं आहे. म्हणून साक्षीला डॉक्टरीणबाई व शेजारचे रघू पाटील असावेत.

दुरुस्ती, त्याच दिवशी सायंकाळी: कलम ३ मधील खोलीचं दान व कलम ४ मधील रघू पाटलांचं नाव रद्द. कारण असं. हा कागद मी काशीच्या हाती प्रभाकरकडे वाचायला धाडला, आणि थोड्या वेळाने तो स्वतःच दारात! दाढी वाढलेली, निम्मा झालाय. म्हणाला, "आक्का, जन्मभर मालकीविरुद्ध बोललो, आता मला मालक करतेस होय? खोली वर्गातल्या बायकांच्या नावावर कर. मी साक्षीला सही करतो."

"आणि वर्ग?"

"येईन की. पंचवार्षिक योजना मी सांगेन, उपासमार तू सांग."

"अरे, हे मृत्युपत्र आहे! मेल्यावर कशी सांगू?"

"मग मरू नकोस."

मी रडले, मग त्याला चहा दिला. त्याने कप रिकामा केला.

सबब पुढची खोली काशी व वर्गातील सर्व बायकांना सामाईक. ती कोणा एकीने विकू नये. मतभेद झाल्यास हात वर करून निर्णय घ्यावा, आणि विरोधात हात वर करणारीला कोणी बाहेर काढू नये.

ठिकाण: कामतघर, भिवंडी
दिनांक: १२ जानेवारी १९९२

सही: अनसूया दत्तोपंत फणसे

साक्षीदार:
१. डॉ. प्रमोदिनी गुप्ते
२. प्रभाकर दत्तोपंत फणसे (मिळकतीत हिस्सा नाही. मजकुरातील रशियाविषयीची मतं मान्य नाहीत. सही बहिणीसाठी.)