वाचकांना झेपेल ती लिनक्स

४ सप्टेंबर २००६, सोमवार

परीक्षेला बसवलं मला. एकोणपन्नासाव्या वर्षी!

कालच्या सभेत ठरलं. मुंबईच्या एका कंपनीने वाचनालयाला चार जुने संगणक दिले आहेत. अट एकच — चोरून उतरवलेलं विंडोज घालायचं नाही. विकत घ्यायची आपली ऐपत नाही. म्हणजे राहिली लिनक्स. फुकट आणि कायदेशीर. पण ती एक नाही, पन्नास प्रकारची आहे. 'त्यातली आपल्या वाचकांना झेपेल ती तुम्ही शोधा,' चिटणीस श्रीरंगराव म्हणाले. मग सगळ्यांसमोर — 'दिवाळीच्या आत अहवाल द्या. त्यावरून कळेल संगणक तुम्हाला झेपतात का. नाहीतर शिकलेला माणूस घ्यावा लागेल. संस्थेला पगारी माणूस एकच परवडतो, जयरामराव.'

बावीस वर्षं तो एक माणूस मीच आहे. कपाटांना वाळवी लागली तेव्हा पुस्तकं उन्हात कोणी घातली, हे सांगायला तेव्हाचं कोणी उरलं नाही.

देवापाशी दिवा लावला. मागितलं काही नाही. मागायची लाज वाटली.

७ सप्टेंबर

संजनाला सांगितलं. संगणकाचा कोर्स करून वर्ष झालं, पोरगी घरीच आहे. नोकरीचं विचारलं की उठून जाते. आज मात्र खुलली. 'अप्पा, मी आणते सगळ्या सीड्या. पण तुम्ही कीबोर्ड एका बोटाने बडवणं आधी बंद करा.'

दोन बोटांनी बडवतो मी! दोन वर्षं संस्थेची पत्रं कोण टाइप करतं?

१२ सप्टेंबर

संजनाने आणलेल्या मासिकात तुलनेचं कोष्टक आहे. कर्नल अमुक, पॅकेजेस तमुक. आमच्याकडे येतात त्यांना हे काय कामाचं? मी वहीत माझे प्रश्न लिहिले — मराठी सरळ दिसते का. पत्र लिहून छापता येतं का. गाणं लागतं का. वीज मध्येच गेली तर पुन्हा उठते का. आणि न विचारता बंद करता येते का.

श्रीरंगरावांनी वही चाळली. 'जयरामराव, ही लिनक्स आहे. तुम्ही भाताचं बियाणं निवडताय काय?'

हसलो. दुसरं काय करणार? पण रस्ताभर सायकलवर तेच डोक्यात. बियाणं असंच निवडतात. पिशवीवर काय छापलंय ते कोण बघतो? आपल्या बांधावर, आपल्या खाऱ्या पाण्यात काय उगवतं ते बघतात.

१५ सप्टेंबर

पपी नावाची एक. कुत्र्याच्या पिल्लावरून नाव. एवढीशी, पण जुन्या डब्यावर काय पळते! मराठी पान उघडलं — नुसते चौकोन. बाद.

१९ सप्टेंबर

फेडोरा. पाच सीड्या, अख्खी दुपार. मधे वीज गेली, पुन्हा पहिल्यापासून. मेनू मराठीत येतो, निम्मा. 'धारिका' बघून दोन सभासदांनी मला विचारलं, ही काय भानगड? फाइल म्हणा की! गाणं काही लागत नाही, त्याला वेगळं काहीतरी उतरवावं लागतं. पण अक्षर सुरेख दिसतं.

तिसरी मॅन्ड्रिव्हा. तिने प्रिंटर आपणहून ओळखला. मी नमस्कारच केला. संजना म्हणाली, 'अप्पा, तो प्रिंटर आहे, शंकराची पिंडी नाही.'

२१ सप्टेंबर

हिल्डाबाई आल्या. निवृत्त नर्स. मुलगा मस्कतला. दोन तास बसून त्याला पत्र लिहिलं, फ्लॉपीवर घेतलं, फ्लॉपी काढून पर्समध्ये टाकली आणि गेल्या. पंधरा मिनिटांत परत. 'जयराम! सायबर कॅफेत उघडली, आत काय नाय! माझा अख्खा सकाळ गेला रे!'

लिनक्समध्ये फ्लॉपी काढण्याआधी तिला 'सोड' म्हणून सांगावं लागतं. सगळ्यांचीच ही तऱ्हा. बाईंना कोण सांगणार? मी सांगायला हवं होतं. चहा मागवला. त्या पुन्हा लिहायला बसल्या. 'आता पहिल्यासारखं येत नाय. तेव्हा रडूनशान लिवलं होतं.'

वहीत नोंद केली: कोणतीही लिनक्स घ्या, शेजारी माणूस हवा.

हे वाक्य श्रीरंगराव कसं वाचतील, ते आत्ता लिहिताना डोक्यात आलं. मी स्वतःसाठीच लिहिलं असं म्हणतील.

२४ सप्टेंबर

आज आढाव्याची सभा होती. गणसंख्याच नाही. तरुण सभासद चिंचोटीला धबधब्यावर. मी आणि बाक!

२७ सप्टेंबर

संजनाने परदेशातून मागवलेलं पाकीट पोस्टाने आलं. उबुंटू. दोन सारख्याच सीड्या, पाकिटावर आपला पत्ता छापलेला. पैसे नाहीत, टपालखर्चही नाही. पुन्हा पुन्हा उलटून बघितलं. कुठल्या मुलखातला माणूस, न बघितलेल्या वसईतल्या जयरामला काहीतरी पाठवतो आणि वर मोबदला मागत नाही. इथे दोन वर्षं जुनं वर्तमानपत्र रद्दीला देताना सही लागते.

२ ऑक्टोबर, दसरा

पूजा केली. पाटावर पोथी, पेन, संजनाचं प्रमाणपत्र आणि पाकिटातली एक सीडी. छापलेल्या अक्षरांवर कुंकू नको, अक्षर म्हणजे सरस्वती. म्हणून चकचकीत बाजू वर केली आणि मधल्या भोकाच्या कडेने हळदकुंकू वाहिलं. वर आपट्याचं पान. संजनाची आई, आशालता, म्हणाली, 'आरशासारखी आहे हो, दिवा दिसतो तिच्यात.' बरं वाटलं. खूप दिवसांनी.

५ ऑक्टोबर

उबुंटूने तोंडघशी पाडलं. पाव तास घरघर, मग काळा पडदा, इंग्रजीत तक्रारी. चारही संगणकांवर तेच. तीच सीडी सहा वेळा लावली. जिच्यावर जीव जडला तीच खोटी निघाली. फुकटचं ते फुकटचं, असं श्रीरंगराव म्हणाले तर तोंड नाही मला.

९ ऑक्टोबर

अहवाल दिला. चार पानं, स्वच्छ अक्षरात. पसंती मॅन्ड्रिव्हा. उबुंटूबद्दल लिहिलं — 'भरवशाची नाही. सुरूच होत नाही. वाचकांसाठी अयोग्य.'

श्रीरंगराव वाचून म्हणाले, 'स्पष्ट लिहिलंय. मला आवडलं. काळजी करू नका, जयरामराव.'

काळजी करू नका! महिन्याभरात पहिल्यांदा पोटभर जेवलो.

१२ ऑक्टोबर

वही बंद करून टाकावीशी वाटते आहे. पण लिहितो.

संजना उबुंटूची सीडी खिडकीशी धरून बघत होती. 'अप्पा, मधे हे लाल काय आहे?' तिने वास घेतला. 'कुंकू? चकचकीत बाजूला?' मी म्हटलं, पंचाने पुसली होती ना. 'पंचाने? ओरखडे बघा! मशीन इथूनच वाचायला सुरुवात करतं!'

पाकिटातली दुसरी सीडी तशीच होती, पूजेला न लागलेली. वाचनालयात जाऊन लावली. पाच मिनिटांत पडदा उजळला. मराठी स्वच्छ. पत्र लिहिलं, छापलं. दोनदा मुद्दाम वीज तोडली, दोन्ही वेळा उठली. हिल्डाबाई होत्या, त्यांना बसवलं. कोणाला न विचारता त्यांनी लिहिलं, बंद केलं. 'ही बरी आहे रे. ही मला ओळखते.'

चारांतली झेपेल ती हीच. आणि मी तिला खोटी ठरवलं.

रस्त्यात संजनाने सायकल अडवली. 'अप्पा, सांगू नका. मॅन्ड्रिव्हापण चालतेच आहे. कोणाचं काय अडलंय? कोणाला कळणार आहे?' डोळ्यांत पाणी होतं तिच्या. 'तुम्हाला काढतील हो ते.'

१३ ऑक्टोबर

देव्हाऱ्यासमोर बसवेना. ज्याच्या पुढ्यात ठेवली, त्याला तरी कळलं आहे.

१५ ऑक्टोबर, रविवार

सांगितलं.

उभा राहून, सगळ्यांसमोर. सीडी खराब नव्हती, मी कुंकू लावलं. अहवालातलं ते वाक्य खोटं आहे, ते खोडा. उबुंटू घ्या.

मग एकजण, 'नारळ नाही ना फोडला तिच्यावर?' झालं. छप्पर उडेल एवढं हसले. एकाने विचारलं, 'आणि हार्डडिस्कला अक्षता?' श्रीरंगराव हसले नाहीत. चष्मा पुसत राहिले. म्हणाले, 'प्रामाणिकपणाबद्दल आदरच आहे. पण बघा, उद्या चार संगणक तुमच्या ताब्यात द्यायचे...' वाक्य पुरं केलं नाही. गरज नव्हती.

ठराव — उबुंटू बसवावी. प्रशिक्षित माणूस नेमावा. जयराम यांना डिसेंबरअखेर सन्मानाने निरोप.

माझीच लिनक्स घेतली आणि मला काढलं. सन्मानाने!

१६ ऑक्टोबर

संजना बोलत नाही. आशालता म्हणते, 'खरं बोललात ना? मग जेवा.'

३० ऑक्टोबर

चारही संगणकांवर उबुंटू चढली. मीच चढवली. स्थानिक साप्ताहिकात बातमी — चिटणिसांच्या अभ्यासपूर्ण निवडीमुळे वसईत पहिलं लिनक्सवरचं वाचनालय. कात्रण सूचनाफलकावर लावायला मलाच दिलं. लावलं. चार टाचण्या, सरळ.

हिल्डाबाईंनी वाचलं. 'तुझं नाव नाय यात.' म्हटलं, नाही. 'मग हे काढ नायतर मी काढते.' हात धरून थांबवावं लागलं बाईंना. नंतर तोंड धुवायच्या निमित्ताने मागे गेलो आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिलो.

९ नोव्हेंबर

चार अर्ज आहेत म्हणे. मला दाखवले नाहीत. मी हसतमुख चहा नेऊन दिला. देवा, हसतमुख राहायची ही शिक्षा कधी संपते?

२० नोव्हेंबर

नेमणुकीचं पत्र मलाच टाइप करायला सांगितलं. नाव बघायला श्रीरंगरावांनी अर्ज पुढे केला आणि स्वतः खिडकीबाहेर बघत राहिले. अर्ज आमच्या संजनाचा. त्यावर तारीख २० सप्टेंबर, माझी परीक्षा चालू असतानाची. मी सभेत गप्प बसलो असतो तर जागा माझी राहिली असती, तिची झाली नसती. हे तिला ठाऊक होतं. तरी ती रस्त्यात सायकल अडवून, रडत, मला गप्प बसायला सांगत होती.

'पोस्टाने नको, हातानेच द्या,' श्रीरंगराव म्हणाले. पत्र पिशवीत आहे. ती आत भात लावते आहे. अजून दिलेलं नाही.