आप्पांच्या दाराचे स्क्रू

४ मार्च
सामान लागलं एकदाचं. दुसरा मजला, तीन खोल्या, भरपूर उजेड, ऑफिस पायी वीस मिनिटांवर. आप्पांना मागची शांत खोली दिली. घरभर फिरून म्हणाले, झकास आहे, कुणाचं रे घर? विसरायला होतं त्यांना हल्ली, पण मिश्कीलपणा शाबूत आहे. ताईला फोनवर सांगितलं, वडिलांची काळजी सोड, मी आहे ना.

९ मार्च
मी ऑफिसात असताना आप्पा बाहेर पडले. भर चौकात, अनवाणी, नुसत्या बनियनवर. शेजारच्या काकूंनी हाताला धरून आणलं. मला मान वर करून त्यांच्याकडे बघवेना.

११ मार्च
लिहितानाही लाज वाटते. बाहेरून कडी बसवली तर येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल. म्हणून आप्पांचं दार चौकटीला दोन स्क्रूंनी पक्कं केलं. सकाळी आवळायचे, संध्याकाळी काढायचे. आत जेवण, पाणी, भांडं ठेवलं. आप्पांनी आतून विचारलं, दुरुस्ती चाललीये का. मी हो म्हणालो.

१५ मार्च
काकूंनी जिन्यात विचारलं, आप्पा दिसत नाहीत? ताईकडे गेलेत, असं ठोकून दिलं. संध्याकाळी पाहतो तर दाराला तीन स्क्रू. मी दोनच लावले होते. तिसरा गंजलेला, खाच झिजून गुळगुळीत. स्क्रू ड्रायव्हर नुसता घसरत होता. मध्ये रबरबँड धरून, सगळं अंग टाकून कसाबसा फिरवला. आप्पा दाराला टेकूनच उभे होते.

१६ मार्च
साहेबांनी रजा दिली नाही. पुन्हा आवळले. संध्याकाळी ताईचा फोन. म्हणालो, आप्पा मजेत, रोज फिरायला जातात. मी बोलत असतानाच दाराकडून कर्रर्र—
पाच.

१७ मार्च
एकही निघत नाही. तेल सोडलं, हातोडीनं ठोकलं, करवतीनं डोक्यांवर नवी खाच पाडली. करवतीचं पातं तुटलं. सुताराला बोलावलं तर विचारेल, आत कोण आहे?
आतलं पाणी संपलंय. दाराखालच्या फटीतून थोडं ओतलं. आप्पा जमिनीवरून चाटत होते. मी ऐकलं. मी, त्यांचा मुलगा.

१८ मार्च
काकू आल्या. ही ठोकाठोक कसली? म्हणालो, कपाट.
सात. कुणी लावताना दिसत नाही. लाकडातून वर येतात, आणि—
सुताराचा नंबर दोनदा फिरवला. दोन्ही वेळा फोन ठेवून दिला.

१९ मार्च
ताई आलीये. न कळवता. दारावर चादर टांगली.
आतून आप्पा हळूच म्हणाले, तिला सांग मी झोपलोय. तुझी अब्रू जायला नको रे.
त्यांना कळत होतं. सगळं कळत—
झोपलेत म्हणालो.
चादरीमागे कर्रर्र. एक नाही. किती तरी.
पाणी आणतो म्हणून स्वयंपाकघरात आलोय. आप्पांचा आवाज येत नाही. ताई उठली. चादरीकडे—
सांगतो. आता सांगतोच. ताई, आप्पा