पाचवं निळं झाकण

हॉस्टेल,
गुरुवार दुपार

ती. बाबांना नमस्कार.

मी मजेत आहे. खोकला गेला. आईने दिलेला स्वेटर माझ्याआधी रूममेटनेच घातला. तुमची कंबर कशी आहे? झालं, ख्यालीखुशाली संपली. फोन केला की तुम्ही ‘मॅचनंतर बोलू’ म्हणून ठेवून देता, म्हणून लिहितेय.

रविवारी मी घरी आले तेव्हा तुम्ही बाहेर होतात आणि येत्या शनिवारची बास्केटबॉलची फायनल जेवणाच्या टेबलावर मांडलेली होती. खेळाडूंच्या जागी बाटल्यांची झाकणं: आमच्या कॉलेजची पाच लाल, तुम्ही कोच असलेल्या कॉलेजची पाच निळी, प्रत्येकावर नंबर. कोण कोणाला धरणार, सगळं उघड. आई बिचारी त्यांना वळसा घालून ताटं मांडत होती. समोरच्या टीमची मांडणी बघू नये हे मलाही कळतं, पण मी माझ्याच घरी जेवायला आले होते.

चार लाल झाकणांना निळी चिकटलेली. नऊ नंबर, म्हणजे मी, कोपऱ्यात एकटी. मला वाटलं, माझ्यासमोरचं खाली पडलं असेल. बाबा, मी टेबलाखाली वाकून ते शोधलं!

आई म्हणाली, "अगं, पडलं नाहीये काही. ते बघ, तुमच्या त्या उंच पोरीजवळ, जिराफाजवळ आहे. सकाळपासून तिथेच आहे."

जिराफावर दोघी, माझ्यावर कोणी नाही. डाव चोख आहे. नऊ नंबर लांबून मारतच नाही, मग तिच्यावर माणूस कशाला वाया घालवा? दुसऱ्या कोणत्या कोचने हे केलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण नऊ नंबर का मारत नाही, हे दुसऱ्यांना ठाऊक नसतं. अंगणातल्या रिंगखाली मी बॉल उचलला की "तू दादाला दे, तो मारेल" असं कोण ओरडायचं? दिला. दर वेळी दिला. दादा खेळ सोडून बँकेत चिकटला, त्याचं पोट सुटलं, आणि मी अजून देतेच आहे! लोक म्हणतात, काय सुरेख पास देते. माझ्या अंगाचा तिळपापड होतो. माझे हात तुम्हीच बांधलेत, आणि आता त्याच्याच जोरावर फायनल जिंकणार? लहान तोंडी मोठा घास घेते, पण ही शुद्ध शिरजोरी आहे.

आमच्या सरांना मी यातलं अवाक्षर सांगितलेलं नाही. काल त्यांनी विचारलं, "तुझ्यावर कोण येईल, काही अंदाज?" मी म्हटलं, "नाही, सर." कोणीच येणार नाही हे सगळ्यांसमोर सांगायची लाज वाटली. माझ्याच बापाने मोजलं नाही म्हणून.

आता एक ऐका. हल्ली प्रॅक्टिसनंतर सगळ्या गेल्या की मी मागे थांबते आणि लांबून मारते. बरेच पडतात. हे सरांनाही माहीत नाही. समोरच्या कोचला आपलं गुपित पत्राने कळवणारी मूर्ख मुलगी मीच पहिली असेन. पण तुम्ही मोकळं सोडलंत म्हणून पडलेले पॉइंट मला नकोत, बाबा. मला तुमच्याकडून एक माणूस हवाय.

ते झाकण जिराफाजवळून उचला आणि माझ्यासमोर ठेवा. नाही ठेवलंत तरी मी मारणार. चुकला तर चुकला. पास देणार नाही.

तुमचीच, पण शनिवारी तुमच्याविरुद्ध,
नऊ नंबर