दोन हातांचा दगड

३ मार्च

चि. गारगोटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र शेजारची शिंपीण लिहिते आहे. चुका तिच्या, शहाणपण माझं.

काल तुला टीव्हीवर पाहिलं. केस विंचरलेली माझी नात पहिल्यांदाच दिसली. पण बाई, कलिंगडाएवढा दगड तू एका हातानं उचललास! ठेवलास तर आवाजही नाही. तोंड म्हणालं, वय तीनशे कोटी वर्षं. हात म्हणाला, कालच केलाय. मला अक्षर कळत नाही, वजन कळतं.

डोंगर हिंडायचीस तेव्हा पत्राबरोबर दगड धाडायचीस, आजीला वाचता यावं म्हणून. समुद्रतळाचा तो पहिला अजून दाराला लावलाय. दुपारी डोळा लागला की त्यातून भरती येते, खाट तरंगते. जागी होते तर सगळं कोरडं ठणठणीत. हल्ली नुसते कागद येतात.

आशीर्वाद मोजत बसू नकोस, पुष्कळ आहेत.
तुझी आजी

१० मार्च

ती. आजीस,
शि. सा. न.

पकडलंस. दगड थर्माकोलचा होता. खरा उचलला की धाप लागते, ती पडद्यावर बरी दिसत नाही, असं निर्माते म्हणाले आणि मी मान डोलावली. बारा वर्षं खडकांत काढून!

पुढचा भाग परीक्षेचा. जमला तर कार्यक्रम माझा, नाहीतर दुसरीचा. जुनी नोकरी तर सोडून बसलेय. तरी सांगून आले, खरा दगड नसेल तर मी नाही. दाराचा धाडशील?

शिंपीणकाकूंना नमस्कार, तुझ्या पायांवर डोकं.
तुझी गारगोटी

२६ मार्च

चि. गारगोटीस,
अनेक आशीर्वाद.

टपालवाल्यानं दगड तोलताना विचारलं, आत काय आहे. म्हटलं, पत्र.

काल पाहिलं. दोन्ही हातांनी छातीशी धरलास. गुडघे वाकले, धाप लागली, पुढचं वाक्यही विसरलीस. शिंपीण म्हणाली, गेली पोरीची नोकरी. तेवढ्यात तू दगड टेबलावर ठेवलास. धप्प! मग हळूच म्हणालीस, तुम्ही बसलात तिथे कधी काळी समुद्र असेल.

शिंपिणीनं पाय उचलून खुर्चीवर घेतले. हे ती लिहायला तयार नव्हती.

तुला ठेवतील न ठेवतील, ते त्यांचं त्यांना. दार आता वाऱ्यानं आपटतं. आपटू दे.

माया आहेच. दोन्ही हातांनी घे.
तुझी आजी